गळ्याची तलफ

म्हाळू दौंडच्या फलाटाच्या टोकाला चहाच्या गाड्यापाशी उभा होता, तेव्हा एक फौजी त्याच्याजवळ आला. ओठांत न पेटवलेली सिगारेट, खांद्याला बिस्तरा. मनमाडची गाडी लागायला अजून अवकाश होता. "काडी आहे का हो?" त्यानं विचारलं. म्हाळूनं तोंड उघडलं. नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण घशातून नुसता वारा आला. सकाळपासून तो कुणाशी बोलला नव्हता, त्यामुळे आज तेवढाही आवाज उरलेला नाही, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं खाकरून पुन्हा बघितलं. पुन्हा वारा. फौजी त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला, वाट चुकलेल्या पोराकडे बघताना होतो तसा. त्यानं डाव्या हाताची मूठ धरली, उजव्या हाताचं बोट तिच्यावरून फर्रकन ओढलं आणि भुवया उंचावल्या. काडी? काडी? म्हाळूनं मान हलवली. फौजीनं त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं, चहावाल्याकडे बघून "बिचारा," असं म्हणाला आणि पुढे गेला. चहावाला नवा होता, बिहारकडचा. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं पण म्हाळूकडे त्याच नजरेनं पाहिलं आणि कपात थोडा जास्त चहा ओतला.

तो चहा म्हाळूनं प्यायला. तेच त्याला पुढं लागून राहिलं. चहा तसाच ठेवून निघून जायला हवं होतं. रुळांच्या कडेकडेनं कॉलनीकडे चालताना त्याच्या मनात नुसते शब्द उठत होते. मुका न्हाई मी, अरे, मुका न्हाई, दौंडपासून शिरूरपर्यंत कुणालाबी विचार. आणि त्या शब्दांच्या मागोमाग, नेहमीसारखी, तलफ आली. बिडी सोडल्यापासून ती कुठून येते हे त्याला पाठ झालं होतं. आधी जिभेची उजवी कड ओली व्हायची, जिथं बिडीचा दोरा टेकायचा तिथं. मग खालचा ओठ जरा पुढं यायचा. मग दोन बोटं आपोआप जवळ यायची आणि त्यांच्यामध्ये काही नाही हे कळलं की पोटात खोल कुणीतरी पायरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. रागावलं तरी तलफ, दमलं तरी तलफ, बरं वाटलं तरी तलफ. पूर्वी त्याला वाटायचं, माणूस बिडी ओढतो. आता कळत होतं की बिडीच इतकी वर्षं त्याच्या दिवसाला शिवून धरत होती. इंजिन शेडमध्ये आलं की त्याच्या पोटातली आग खाली ओढायची, पाणी मारायचं, राख टोपल्यात भरायची, आणि मग चिमट्यात एक निखारा धरून त्यावर बिडी पेटवायची. की एक इंजिन झालं. भाकरी खाल्ली, बिडी ओढली, की जेवण झालं. आता जेवण होतच नव्हतं. ताट उचललं तरी तो तिथंच बसून राहायचा. काम सुटलं तरी सुटल्यासारखं वाटायचं नाही. दिवस एकाला एक लागून आले होते, मध्ये कुठं गाठ नाही, की थांबा नाही. आणि भोवती तर सगळा धूरच. शेडमध्ये धूर, रुळांवर धूर, कॉलनीतल्या वाळत घातलेल्या धोतरांवर धुराची काजळी. एवढ्या धुरात उभं राहून त्याला थोड्याशा धुराची भूक लागायची.

बिडी ही त्याच्यासाठी नुसती बिडी कधीच नव्हती. त्याचा बाप कोंडिबा न्हावऱ्यात दवंडी द्यायचा. गावातली मौत, जनावर हरवल्याची बातमी, साहेब येणार असल्याची वर्दी, सगळं बापाच्या गळ्यातून गावभर जायचं. बापाचा आवाज असा, की वेशीवर हाळी दिली तर मळ्यातला माणूस मोट थांबवून ऐकायचा. पण तो आवाज गावाचा होता, बापाचा नव्हता. चावडीपुढं उभं राहिल्यावर पाटलाच्या मनात आलं तर तो अर्धी ओढलेली बिडी बापाच्या पुढ्यात टाकायचा, वरून, हाताला हात लागू नये म्हणून. बाप ती उचलायचा, कपाळाला लावायचा. म्हाळू तेव्हा बापाच्या मागं उभा असायचा आणि बिडी जमिनीवर पडली की विझू नये म्हणून मनात काहीतरी म्हणायचा. छप्पन साली गावकुसाबाहेरचा सगळा वाडा बौद्ध झाला, बापानं दवंडीची काठी चुलीत घातली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी म्हाळू रेल्वेत लागला. पहिला पगार झाला तेव्हा तो बिड्यांचं एक अख्खं बंडल आणि नवी काडेपेटी घेऊन गावी आला, चावडीसमोर उभा राहिला आणि स्वतःच्या बिडीला स्वतःची काडी लावली. पाटलानं फक्त तोंड फिरवलं. तो पहिला झुरका त्याच्या छातीत असा भरला होता की तेवढा पुढं कधीच भरला नाही. आणि त्याच दिवशी दुपारी त्याच्या जुन्या सोबत्यानं, मच्छिंद्रनं, बाजाची पेटी काढली, वाड्यातली माणसं समाजमंदिराच्या पडवीत जमली आणि म्हाळू गायला. बापाचाच गळा. पण आता तो आपल्या गाण्यांसाठी होता. पुढं शेडमध्ये तो राखवाला खलाशी राहिला, पण जयंतीच्या दिवसांत कधी वरवंडला, कधी शिरूरला, कधी पार भीमेपलीकडं, माईकवर नाव पुकारलं जायचं: गायक म्हाळू न्हावरेकर. दोन गाण्यांच्या मध्ये तो मंचाच्या मागं जायचा आणि मच्छिंद्रनं पेटवून ठेवलेली बिडी त्याच्या बोटांतून घ्यायचा. एका गाण्याची राख पडायची, दुसरं सुरू व्हायचं. सोजरच्या बापानं तर गाणंच ऐकून मुलगी दिली होती. बघायला आला तेव्हा त्यानं घर बघितलं नाही, पगार विचारला नाही. "गळा हाय," एवढं म्हणाला आणि सुपारी फोडली.

तो गळा गेल्या दिवाळीपासून बसला. आधी सकाळी बसायचा आणि दुपारी सुटायचा. मग सुटायचाच नाही. वरची पट्टी गेली, मग मधली. बोलताना कुणीतरी दुसराच माणूस आतून घोगरं घोगरं बोलतो आहे असं वाटू लागलं. ज्येष्ठमध झालं, मीठपाणी झालं, सोजरनं अडुळशाची पानं उकळून दिली. शेवटी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी चमच्यानं जीभ दाबून आत बघितलं आणि विचारलं, "बिडी किती ओढता?" म्हाळूनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग आधी ती सोडा. नंतर बघू." त्या 'नंतर बघू'चा म्हाळूनं आपल्या मनाशी अर्थ लावला, की बिडी गेली की गळा येणार. सौदाच होता तो. एक द्यायचं, दुसरं घ्यायचं. त्याच संध्याकाळी त्यानं खिशातलं बिड्यांचं बंडल शेडमधल्या भट्टीत टाकलं. पानं पेटल्याचा वास आला तेव्हा त्यानं श्वास रोखून धरला नाही. उलट पुढं वाकून घेता येईल तेवढा घेतला. शेवटचा म्हणून.

मग तोंडाला चव आली. हे कुणी सांगितलं नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, रेशनच्या दुकानात लाल मिलो, परदेशातली ज्वारी, यायची, आणि इतकी वर्षं जिभेवर धुराचं कातडं होतं ते निघून गेल्यावर पहिली खरी चव लागली ती त्या मिलोच्या भाकरीची. कडवट, जुन्या पोत्याची. सोजर म्हणाली, "समदी खात्यात की." सगळे खात होतेच. पण सगळ्यांच्या जिभा अशा नुकत्या उघड्या झालेल्या नव्हत्या. वासही परत आले. नळाच्या रांगेचा, गटाराचा, स्वतःच्या बनियनचा. आणि रोज सकाळी सोजरच्या मिसरीचा. फुटक्या तव्यावर ती तंबाखू भाजायची, काळी होईस्तोवर, मग चुरून दातांना लावायची. लग्न झाल्यापासून रोज. इतक्या वर्षांत म्हाळूला तो वास कधी आलाच नव्हता. आता तो अंथरुणात असतानाच यायचा, नाकातून थेट डोक्यात चढायचा आणि तो डोळे मिटून, दात दाबून पडून राहायचा. एके सकाळी तो उठला, चुलीपाशी गेला आणि त्यानं तव्याला लाथ मारली. तवा दारातून बाहेर गेला, कोंबड्या फडफडल्या, तंबाखू अंगणात पसरली. सोजरनं तवा उचलून आणला, पदरानं पुसला आणि उपडा घातला. म्हाळूला बोलायचं होतं. चुकलं, असं काहीतरी. पण बसक्या आवाजात माफी मागणं म्हणजे आणखी एकदा कीव करून घेणं, असं वाटून तो तसाच शेडला गेला.

दुसऱ्या सकाळी वास आला नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. त्याला वाटलं, शेजारच्या कस्तुराबाईकडं जाऊन लावत असेल. मग एका संध्याकाळी तो घरी आला तर सोजर डोक्याला फडकं आवळून दारात बसली होती, डोळे लाल, तोंडात कडुनिंबाची काडी. "काय झालं?" त्यानं विचारलं. "म्या बी सोडली," ती म्हणाली. "तुमास्नी एकट्याला लई जड जातंय. म्हनलं दोघं मिळून सोडू." त्याला भडभडून यायला हवं होतं. पण आलं ते दुसरंच. आजपर्यंत ही तलफ निदान त्याची एकट्याची होती. तिच्यावर चिडता येत होतं, तिच्यापुढं हरता येत होतं. आता तो हरला तर सोजरचं दुखणारं डोकं फुकट जाणार होतं. तिनं प्रेमानं त्याच्या पायात बेडी घातली होती आणि बेडीचं दुसरं कडं स्वतःच्या पायात. मुलगी वरवंडला दिलेली, घरात दोघंच. संध्याकाळी दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसायची. तिचा पाय हलत राहायचा, त्याची बोटं. समोरून इंजिनं जात. एकमेकांकडे बघत नसत, कारण बघितलं की दुसऱ्याच्या डोळ्यांत तेच दिसायचं. "सुटंल गळा," ती मध्येच म्हणायची. "बघा तुमी. जयंतीला सुटतोय का न्हाई." तिला त्याची सगळी गाणी पाठ होती. पण ती कधी गुणगुणायची नाही. घरात गाणारा असताना आपण कसं म्हणायचं, असं तिला वाटत असावं.

मच्छिंद्रचा निरोप आला तो फौजीच्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत. जयंतीला न्हावऱ्याला यायचंच. म्हाळूनं ठरवलं, आदल्या दिवशी निघायचं आणि आधी शिरूरला उतरायचं. तिथं पुण्याहून नाक-कान-घशाचा एक डॉक्टर यायचा, असं शेडमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. खरं म्हणजे त्याला हिशेब पुरा करून घ्यायचा होता. आपण आपलं दिलं. आता तुम्ही द्या. डॉक्टरकडं कपाळाला बांधलेला आरसा होता. त्यानं म्हाळूची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात छोटा आरसा घातला आणि म्हणाला, "आऽ करा." मग पुन्हा, "आऽ." म्हाळूच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरनं हात धुतले.

"काय करता तुम्ही? ओरडण्याचं काम आहे का?"

"न्हाई जी. राख काढतो. रेल्वेत."

"मग बाजारात वगैरे ओरडता? भजन?"

"गातो."

"माईकवर?"

"आता माईक हाय. पहिल्यांदा नव्हता. उघड्यावर गायचं. समद्या वाडीला ऐकू गेलं पायजे म्हनून."

डॉक्टरनं मान डोलावली. "गाठी आल्यात. जुन्या, घट्ट झालेल्या. ओरडून ओरडून येतात."

"म्या बिडी सोडलीया," म्हाळू घाईघाईनं म्हणाला. "पार सोडलीया."

"चांगलं केलंत. पुन्हा धरू नका. पण बिडीनं फक्त भर घातली. गाठी गाण्याच्या आहेत." डॉक्टर वाईट माणूस नव्हता. "मुंबईला ऑपरेशन होतं. पण गाण्याचा आवाज परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. बोलण्यापुरता राखायचा असेल तर आता गाणं सोडा."

सोडा. किती सोपा शब्द. बिडीवाला डॉक्टर पण असाच म्हणाला होता, पेन खिशाला लावता लावता. म्हाळू बाकावरून उठला. त्याला हसू येत होतं. गळ्यासाठी बिडी सोडली आणि गळा गेला होता तो गाण्यामुळे. ज्या गोष्टीसाठी सगळं दिलं तिनंच आतून खाल्लं होतं. आणि बापाचं काय? बाप जन्मभर ओरडला, दुसऱ्यांसाठी. त्याच्या गळ्यात गाठी आल्या नाहीत. की आल्या होत्या, आणि बघायला कुणी आरसा घातला नाही? मरायच्या आधी बाप फार बोलायचा नाही, हे त्याला एकदम आठवलं. सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारा शांत झाला.

बाहेर सोजर पायरीवर बसली होती. ती उठून उभी राहिली. "काय म्हनला?" तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, गालावर हात धरून ती विचारत होती. म्हाळूनं तिच्याकडे पाहिलं. "सुधारना हाय म्हनला," तो म्हणाला. सोजरनं गालावरचा हात काढला. एवढंच. पण तिचा चेहरा असा उजळला की म्हाळूला तिथल्या तिथं परत आत जाऊन डॉक्टरची कॉलर धरावीशी वाटली.

न्हावऱ्याच्या एसटीत खिडकीतून सगळं पांढरं दिसत होतं. शेतं पांढरी, नाले पांढरे, बांधावर हाडं उरलेली जनावरं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग आणि त्यांच्यामध्ये बसलेली माणसं, डोक्यावर फडकी, हातात हातोड्या. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं बिडी पेटवली. धूर मागं आला. सोजरनं पदर नाकाला लावला, मग म्हाळूकडे बघून हळूच काढला आणि दोघंही तो धूर येईल तसा घेत बसली. उतरल्यावर वाड्यात पाय ठेवला नाही तोच सोजर बोलायला लागली. जी भेटली तिला सांगितलं. भागुबाईला, सिंधूबाईला, पिंपळाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना. "सुटतोय आवाज त्यांचा. शिरूरच्या डाक्टरनं सांगितलंय." संध्याकाळपर्यंत वाडाभर झालं. मच्छिंद्र आला, त्याच्या हाताला खडीच्या कामानं फोड आले होते. त्यानं म्हाळूला मिठी मारली आणि म्हणाला, "एकच म्हन. एकच गानं. पन तूच म्हन." म्हाळूला तेव्हा सांगता आलं असतं. मच्छिंद्रला तर नक्कीच. पण रात्रभर पडल्या पडल्या त्याच्या मनात एक वेडी गोष्ट घोळत राहिली: डॉक्टरला काय कळतं, त्यानं आपलं गाणं कुठं ऐकलंय. आणि त्याहून खोल, आणखी एक: ही पण तलफच आहे. बिडीसारखीच. एक झुरका. एकच.

ध्वनिक्षेपकाची बॅटरी संध्याकाळी दुसऱ्या गावाला जायची होती, म्हणून कार्यक्रम उन्हं कलताच सुरू झाला. निळ्या पताका, प्रतिमेला झेंडूचा हार, फुलं यंदा शिरूरहून आणलेली. वंदना झाली. बाया थेट खडीवरून आल्या होत्या, अंगावर तशीच धूळ. रस्त्याच्या पलीकडं मळेवाली माणसं सायकली टेकवून उभी होती; म्हाळूचं गाणं असलं की ती तशी उभी राहत, जवळ न येता. नाव पुकारलं. न्हावरेकर ऐकल्यावर त्याच्या पायांना नेहमीचं बळ आलं. मच्छिंद्रनं सूर धरला, नेहमीच्या जागेहून बराच खालचा. म्हाळूनं पहिली ओळ घेतली. खरखरीत निघाली, पण निघाली. लोकांमधून एक सुस्कारा गेला. दुसरी ओळ. घशात काहीतरी खरवडत होतं आणि त्या खरवडण्यातही एवढं सुख होतं की त्याचे डोळे भरून आले. मग तिसरी. ती वर जायची. बापाची हाळी जशी वेशीवरून जायची तशी ती ओळ उचलून भिरकावून द्यायची असायची. त्यानं मान मागं टाकली, छाती भरली आणि तोंड उघडलं. माईकमधून वारा आला. नुसता वारा, भोंग्यातून गावभर. मच्छिंद्रनं पेटीवर तीच ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा वारा. पेटी तिथंच घुटमळत राहिली, उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी. म्हाळूला समोरचे चेहरे दिसत होते. ज्या नजरेनं फौजीनं पाहिलं होतं ती नजर आता एकेका चेहऱ्यावर उगवायला लागली होती, तेवढ्यात बायांमधून ओळ आली.

बारीक, थोडी बेसूर, पण वर गेलेली. सोजर होती. बसल्या जागी, डोळे मिटून, गालावर हात धरून ती म्हणत होती. शेजारच्या भागुबाईनं सूर धरला. मग सिंधूबाईनं. मग सगळ्या बाया, मग पुरुष, आणि गाणं त्याच्या डोक्यावरून, त्याला न शिवता, पुढं निघून गेलं. तो माईकपुढं तोंड उघडं ठेवून उभा राहिला. संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सूत्रसंचालन करणारे मारुतराव मास्तर माईक ओढून घेत म्हणाले, "वा! न्हावरेकरांनी आज साऱ्या गावाला गायला लावलं!" पुन्हा टाळ्या. लोकांना तसंच वाटलं होतं, किंवा त्यांनी तसं वाटून घेतलं होतं. रस्त्यापलीकडचे सुद्धा टाळ्या वाजवत होते. म्हाळूनं हात जोडले, जयभीम केला आणि मंचाच्या मागच्या बाजूनं उतरला. मागं बाया ओरडत होत्या, "सोजर, आजून येक! म्हन की गं!" आणि सोजरनं त्याच्याकडे पाहिल्याचं त्याला जाणवलं. त्यानं मान डोलावली. म्हण. दुसरं काय सांगणार होता?

मच्छिंद्र पेटी दुसऱ्याकडं देऊन मागोमाग आला. त्यानं बिडी काढली, पेटवली, दोन झुरके घेतले आणि जुन्या सवयीनं बोटांत धरून पुढं केली. "घे," तो म्हणाला. म्हाळूनं मान हलवली. "आरं, आता कुनासाठी राखतुयास?" मच्छिंद्रच्या आवाजात राग होता, आणि तो राग म्हाळूवर नव्हता. "घे की, गड्या." म्हाळूनं घेतली. ओढली मात्र नाही. ती तशीच ओंजळीत झाकून तो वाड्याबाहेर पडला, कोरडा ओढा ओलांडून, जिथं खडीचं काम चालायचं तिथं आला आणि एका ढिगाच्या आड बसला. दिवस मावळत होता. बिडी विझत आली होती. विझू नये म्हणून त्याच्या मनात कुणीतरी काहीतरी म्हणायला लागलं, आणि मग त्यानं ती ओठाला लावली.

डोकं गरगरलं. पायांच्या बोटांपर्यंत मुंग्या आल्या. सगळं अंग, एवढे दिवस परकं वाटणारं, एकदम परत येऊन त्याच्याभोवती गोळा झालं. बरं वाटलं. किती बरं वाटलं याचीच त्याला लाज वाटली. बिडी वाईट लागायला हवी होती, खोकला यायला हवा होता, थुंकून टाकता आली असती. पण ती चांगली होती, नेहमीसारखीच चांगली, आणि तिच्यानं एक तलफ भागली तशी तिच्याखालची दुसरी उघडी पडली. ती गळ्यात होती. तिला पेटवायला जगात काहीच नव्हतं. तो धूर आत घेत राहिला आणि वाड्यातून भोंग्यावर सोजरचं गाणं येत राहिलं. एक संपलं, दुसरं. तिसरं. ती सगळी त्याचीच गाणी म्हणत होती, त्याच्याच जुन्या, उंच पट्टीत, बाईच्या गळ्याला न पेलणाऱ्या. ताणून, ओढून, प्रत्येक वरच्या ओळीला अंगातलं सगळं बळ लावून. चुकतंय, त्याला वाटलं. पट्टी खाली घे. कुणीतरी सांगा तिला. मग भोंगा बंद झाला. बॅटरी न्यायला माणसं आली असावीत.

थोड्या वेळानं तिची हाक आली. "आवं! कुठं हायसा?" ओढ्याच्या पलीकडच्या काठावर ती उभी होती, पदर खोचलेला, हात कपाळाला लावून अंधुक उजेडात शोधत. तिच्यासाठी ते ढीग सगळे सारखेच होते. "आवंऽऽ!" म्हाळू हलला नाही. शोधू दे. आपण सापडल्यावर ती आपल्या हातातली बिडी बघणार, आणि मग शिरूरची गोष्ट निघणार, आणि मग काय? ती पुन्हा ओरडली. आणि या वेळी हाक मधेच फाटली. शेवटचा सूर गेला आणि तिथं नुसती खरखर राहिली. तिनं खाकरलं. पुन्हा हाक मारली, पुन्हा तिथंच फाटली.

ती फट त्याला ओळखीची होती. दिवाळीत, सकाळी उठून त्यानं स्वतःच्या गळ्यात पहिल्यांदा ऐकली होती तीच.

तो धडपडत उठला. खडी पायाखाली घसरली. बिडी हातातच होती, लपवायचं सुचलं नाही. ओढ्यात उतरून, दोन्ही हात हलवत, तो तिच्याकडे जायला लागला. ओरडू नको, त्याला सांगायचं होतं. गप बस, सोजर, ओरडू नको, गळा जाईल तुझा. त्यानं तोंड उघडलं. आत राहिलेला धूर बाहेर आला. शब्द आला नाही. त्यानं हात ओठांवर ठेवून दाखवला, नाही नाही म्हणून मान हलवली. सोजरला तो दिसला. ती काठावर पुढं आली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओरडली, "काय म्हनताऽऽ? ऐकू येत न्हाईऽऽ! मोठ्यानं बोला की!"